जाहिरात लिहिणारे हात

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी जाहिराती मिळविण्याचे काम यंदा चालक भगिनींनी माझ्या व शेजारच्या काकूंच्या अंगावर टाकले. पूर्ण पान, अर्धे पान, पाव पान असे दर ठरले. पावतीपुस्तक पिशवीत घातले आणि आम्ही दोघी तिवशाच्या बाजारात दुकानोदुकानी फिरू लागलो. कृषी केंद्र झाले, कापडाचे दुकान झाले, औषधांचे दुकान झाले. कोणी हसून पावती फाडली, कोणी "पुढच्या आठवड्यात या" म्हणून वाटेला लावले. पिठाच्या गिरणीवाले भाऊ पाव पान द्यावयास तयार झाले, पण पैसे मोजता मोजता थांबून म्हणाले, "ताई, त्याच्यात लिहाचं काय? गिरणी हाय हे त साऱ्यांले मालूमच हाय."

काकूंनी "शुभेच्छुक म्हणून लिहू" असे सांगून वेळ निभावून नेली. परंतु त्यांचा प्रश्न घरी येईपर्यंत माझ्या मागे आला. जे साऱ्यांना ठाऊक आहे ते पैसे देऊन पुन्हा का सांगावे? आणि सांगावयाचे तर ते लिहितो कोण, कसे लिहितो, आणि त्याचे पोट त्यावर भरते तरी कसे? माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास लिहिणे हा काही माझा प्रांत नव्हे. पण या प्रश्नाच्या उत्तराचा थोडासा भाग माझ्या माहेरच्या ओसरीवरच पडलेला होता, आणि उरलेला मी वाचनालयातून व अमरावतीस शिकणाऱ्या पुतणीने आणून दिलेल्या पुस्तकांतून वेचला. तो वाचक भगिनींपुढे ठेवते.

माझे माहेर याच तालुक्यातले, नागपूर-अमरावती सडकेला लागून. माझे वडील पेंटर होते. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. "पेंटर" म्हणत, आणि मी "पेंटरची पोरगी". सडकेकडेच्या भिंतींवर साबणाच्या, सिमेंटच्या, बियाण्याच्या, बिडीच्या आणि निवडणूक आली की सर्वच पक्षांच्या जाहिराती ते रंगवीत. सुटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जात असे. आधी भिंतीला चुना मारावयाचा, तो वाळला की निळीत बुडविलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरावयाचा आणि मध्ये चिमटीत धरून सोडावयाचा. टण् असा आवाज होऊन भिंतीवर सरळ रेघ उमटे. एक टोक माझ्या हातात असे. त्या दोन रेघांच्या मध्ये बाबा अक्षरे बसवीत. मी एकदा विचारले, "बाबा, इतकी मोठी अक्षरं काहून?" ते म्हणाले, "बाई, वाचणारा गाडीत बसून वाचते. उभा राहून कोणी वाचत नाही. शब्द कमी पाह्यजे अन् अक्षर मोठं पाह्यजे." पुढे पुस्तकांतून मुंबईच्या मोठमोठ्या कचेऱ्यांची माहिती वाचली, तेव्हा तिथेही याहून वेगळा धडा फारसा नव्हता असे दिसले.

जाहिरात म्हणजे छापलेलीच, असे आपण समजतो. पण गावात तिचे जुने रूप दवंडी. डफड्यावर दोन टोले, मग गळा ताणून निरोप. बाजाराचा दिवस बदलला, साऱ्याची वसुली आली, गाय हरवली, रात्री कीर्तन आहे, सर्व एकाच आवाजात. कौंडण्यपूरच्या कार्तिकातील यात्रेत दुकानदार स्वतःच आपला माल ओरडून सांगत. त्याला जाहिरात म्हणावे की गलका, हे ज्याचे त्याने ठरवावे. तंबूतला सिनेमा आला म्हणजे गाडीवर चित्रांचे तट्टे बांधून व भोंगा लावून गावातून फेरी निघे. माझ्या आजीच्या आठवणीत चहासुद्धा असाच आला. १९३० नंतरच्या काळात चहाच्या धंद्याच्या मंडळाने प्रचारक नेमून देशभर बाजारांतून, यात्रांतून व रेल्वे स्थानकांवर लोकांना चहा करून दाखविला व पाजला. चहा कसा करावा याच्या सूचना देशी भाषांत लिहून पाट्या लावल्या. ज्या घरात पाहुण्याला गूळपाणी देत, त्या घरात पुढे चहा न विचारणे हा अपमान ठरला. आपण ज्याला रीत म्हणतो तीत जाहिरातीचा केवढा हात असतो, ते यावरून दिसून येते.

छापील जाहिरात या देशात वर्तमानपत्राबरोबरच जन्मली. कलकत्त्यास १७८० साली हिकी नावाच्या गृहस्थाने पहिले वर्तमानपत्र काढले त्यातही जाहिराती होत्या. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले. पुढे वर्तमानपत्रे वाढली तसा एक मधला धंदा निर्माण झाला. दुकानदाराला पत्रात जागा घेऊन द्यावयाची, मजकूर व चित्र करून द्यावयाचे, आणि पत्राकडून ठराविक दलाली घ्यावयाची. पुढे ही दलाली शेकडा १५ अशी रूढ झाली. मुंबईत गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम आणि कंपनी निघाली. ती देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक म्हणून सांगितली जाते. १९०५ हे साल वंगभंगाचे व स्वदेशीच्या चळवळीचे. देशी कापड, देशी साखर, देशी काडेपेटी घ्या असे सांगण्याची त्या वेळी मोठी निकड होती, आणि सांगावयाचे तर जाहिरातीवाचून कसे सांगणार? देशकार्य आणि दुकानदारी एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसली ती तेव्हा.

चित्रांची कथा याहून गोड आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तिथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघर पोहोचल्या. ज्यांना देवळात मज्जाव होता त्यांच्याही भिंतीवर देव आले, ही गोष्ट लहान नव्हे. छापखाना तोट्यात आला तेव्हा तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. त्याच्या लक्षात आले की देवाच्या चित्राखाली मालाचे नाव छापले तर लोक ते वर्षभर भिंतीवर ठेवतात. साबणाची, औषधांची, कापडाची अशी चित्रे निघाली, आणि कॅलेंडर नावाची वस्तू आपल्या घरात आली. १९७२ साली त्या छापखान्यास आग लागून पुष्कळ ठेवा जळाला. पुढे रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांनी कॅलेंडरांना असेच वैभव आणले. आमच्या घरी किराणा दुकानाचे कॅलेंडर येई. वर्ष संपले की आई तारखांचा भाग कात्रीने कापून टाकी, दुकानाचे नावही कापी, आणि उरलेल्या लक्ष्मीला खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवी. ती लक्ष्मी पंधरा वर्षे आमच्या देवघरात होती. जाहिरातीचा देव करण्याची ही कला बायकांनी कोणाकडून शिकली नाही. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढून याच्याही पुढचे पाऊल टाकले. फुकट वाटावयाची वस्तू लोक विकत घेऊ लागले, आणि मागच्या पानावरच्या पाककृतींबरोबर जाहिरातीही वाचू लागले.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहावासा वाटला ती सांगते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना चित्रकार व्हावयाचे होते. परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नसत, म्हणून ते यंत्रांकडे वळले. त्यांनी लोखंडी नांगर केला. तो चांगला होता, पण घेईना कोणी! लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिली दोन वर्षे नांगर तसेच पडून राहिले असे सांगतात. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला, आणि मग माल चांगला असून भागत नाही, तो चांगला आहे हे सांगताही आले पाहिजे, हे काम पुतणे शंकरराव यांच्याकडे आले. शंकरराव चित्रकला शिकलेले. त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे मासिक काढले. मूळ हेतू एवढाच की कारखान्याची आणि नांगरांची खबर गिऱ्हाइकांपर्यंत जावी. म्हणजे ती एक जाहिरातच होती. पण शंकरराव नुसते विकणारे नव्हते. शेतकऱ्याला नांगर घ्यावासा वाटावयाचा तर आधी त्याला नवे काही करावेसे वाटले पाहिजे, हे त्यांनी ओळखले; आणि मासिकात उद्योगाच्या गोष्टी, नवे विचार, सुधारणेचे लेख येऊ लागले. ते इतके वाढले की १९२९ साली 'खबर' हा शब्द गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले. १९३० साली त्यांनी 'स्त्री' हे मासिक काढले, १९३४ साली 'मनोहर'. शंकररावांनी व्यापाऱ्यांसाठी पुस्तकेही लिहिली आणि पुढे 'शंवाकीय' हे आत्मचरित्र.

भगिनींनो, 'स्त्री' मासिकाने महाराष्ट्रातल्या बायकांसाठी काय केले हे मी नव्याने सांगावयास नको. स्वयंपाकघरातल्या बाईने पत्र लिहावे आणि ते छापून यावे, प्रौढविवाह, पुनर्विवाह, घटस्फोट, संततिनियमन यांवर उघड बोलले जावे, हे त्या काळी सोपे नव्हते. विद्याताई बाळ या मासिकात १९६४ साली आल्या, पुढे संपादक झाल्या आणि १९८६ पर्यंत तिथे होत्या. त्यानंतर त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक १९८९ साली काढले. २०२० साली त्या गेल्या. आमच्या मंडळाच्या कपाटात 'स्त्री'चे काही जुने अंक आहेत, कव्हरे फाटलेली, बांधणी सुटलेली. ते मी हाताळते तेव्हा मला गंमत वाटते, की आमच्या या वाचनाची आजी म्हणजे न खपलेल्या नांगराची जाहिरात!

सगळ्याच जाहिराती काही अशा पुण्यकारक निघाल्या नाहीत. १९३७ साली डालडा आला. साजूक तुपाची सवय असलेल्या घरात हे झाडाचे तूप शिरवावयाचे म्हणजे अवघड. लिंटास नावाच्या कंपनीकडे ते काम होते. त्यांनी डब्याच्या आकाराची गोल मोटार रस्त्यांवरून फिरविली, लोकांपुढे पदार्थ तळून खाऊ घातले, सिनेमागृहात दाखविण्यासाठी छोटा चित्रपट काढला, शिकलेल्यांसाठी वर्तमानपत्रात वेगळा मजकूर व न वाचणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग. त्या कामाची आखणी आजही धंद्यातले लोक वाखाणतात. आणि आम्ही काय केले? पिवळ्या डब्यावरचे ताडाचे झाड पाहून तूप घेतले, तो रिकामा झाला की त्यात तुळस लावली. अशा घट्ट केलेल्या तेलाने हृदयास अपाय होतो हे ज्ञान फार उशिरा आले, आणि ते सांगावयास काही मोटार फिरली नाही.

साबणाची एक गोष्ट मात्र निराळ्या कारणासाठी सांगण्याजोगी आहे. लक्स साबणाच्या जाहिरातीत आधी परदेशी नट्यांची चित्रे येत. १९४१ साली पहिल्यांदा एक हिंदी नटी त्यात झळकली. ती म्हणजे आपल्या लीला चिटणीस. धारवाडकडच्या, पदवीधर, चार मुलांची आई. संसार मोडल्यावर शाळेत शिकवून पुढे नाटक व सिनेमात आलेल्या. 'कंगन' चित्रपटाने त्यांचे नाव देशभर झाले होते. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावणे हेच जिथे पाप, तिथे तिचा चेहरा साबणाच्या वेष्टणाबरोबर प्रत्येक घराच्या मोरीपर्यंत गेला. २००३ साली अमेरिकेत त्या वारल्या. ज्या काळात बाईने स्वतःच्या कमाईवर मुले वाढविणे हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात त्यांचा तो चेहरा मला निव्वळ रूपाची जाहिरात वाटत नाही. कोणी असहमत होईल, काकू झाल्याच.

मुंबईच्या कचेऱ्यांतून काम कसे चाले, हे मी वाचले तेव्हा मला बाबांची आठवण वरचेवर आली. १९२९ साली जे. वॉल्टर थॉम्प्सन ही अमेरिकेतली कंपनी मुंबईस आली. तिच्या पाठोपाठ इतर आल्या. बहुतेक ठिकाणी मजकूर इंग्रजीत लिहिला जाई. लिहिणारे साहेब व साहेबी शिक्षण घेतलेले लोक. चित्र काढणारे मात्र पुष्कळदा आपल्याकडचे. एअर इंडियाचा मिशीवाला, वाकून नमस्कार करणारा महाराजा सर्वांना ठाऊक आहे. तो १९४६ साली बॉबी कूका यांच्या डोक्यातून आला आणि उमेश राव या चित्रकाराच्या हातातून उतरला. लोकांना महाराजा आठवतो. हात कोणाचा होता, हे विचारावेसे कोणाला वाटत नाही.

सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली धंद्याच्या चित्रकलेचा वेगळा विभाग निघाला. वासुदेव आडारकर यांनी तो नावारूपास आणला, आणि १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. त्याआधी चित्रकार म्हटला की व्यक्तिचित्रे करणारा किंवा शाळेत ड्रॉइंग शिकविणारा. आता कोकणातली, देशावरची गरीब घरची मुले मुंबईस येऊन हा धंदा शिकू लागली, कारण त्यात महिन्याचा पगार होता. हे काम बैठ्या नोकरीसारखे दिसले तरी तसे नव्हे. त्या काळी संगणक नाही. अक्षर हाताने काढावयाचे किंवा छापखान्यातून जुळवून आणावयाचे, पात्याने कापावयाचे, चिकटवावयाचे, ओळ केसभर तिरपी झाली तर उचलून पुन्हा बसवावयाची. उद्याच्या पेपरला जाहिरात जावयाची म्हणजे आजची रात्र गेली. गिऱ्हाईक म्हणणार, "डबा जरा मोठा करा", डबा मोठा केला की अक्षरे लहान, मग तो म्हणणार, "अक्षरे का लहान?" आमच्या वडिलांकडे कंपनीचा माणूस येऊन हेच म्हणत असे.

आणि त्याच कचेऱ्यांतून कोण कोण बसले होते पाहा. अरुण कोलटकर हे मूळचे कोल्हापूरचे. त्यांनी जाहिरातीची चित्ररचना करून पोट भरले. त्या धंद्यातली मोठी पारितोषिके वारंवार मिळविली. आणि त्यांच्या 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुलाचे काव्य पारितोषिक मिळाले, 'भिजकी वही'ला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचे. कवी दिलीप चित्रे हेही जाहिरातीच्या कामात होते. र. कृ. जोशी हे सांगलीकडचे. १९६१ साली बाळ मुंडकूर यांनी काढलेल्या उल्का या संस्थेत ते वर्षानुवर्षे कलाविभाग सांभाळीत होते. त्यांना अक्षराचे वेड होते. पुढे ते शिकविण्याकडे वळले आणि संगणकासाठी देवनागरी अक्षरे घडविली. आपण सेतू केंद्रात दाखल्यासाठी अर्ज करतो, तेव्हा पडद्यावर 'मंगल' नावाची जी अक्षरे उमटतात ती त्यांची. २००८ साली ते गेले. कमल शेडगे यांचे नाव मी आधी ऐकले नव्हते. पण मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावे, एकेका नाटकाच्या स्वभावाप्रमाणे वळणे घेणारी, ती पुष्कळशी त्यांच्या हातची. बाबा वर्तमानपत्रातली अशी नावे कापून एका वहीत चिकटवून ठेवीत व त्यांवरून हात बसवीत. कोणाच्या हातची आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. २०२० साली शेडगे वारल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखविली, वही काढून दाखविली. ते बराच वेळ पाने उलटीत बसले.

भाषेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. इंग्रजीत लिहिलेला मजकूर मराठीत उलथा केला की तो कोणाच्याच घरात बोलला जात नाही असा होतो. आपल्यातली कोणती बाई शेजारणीला "हे वापरून फरक अनुभवा" असे म्हणते? ती म्हणेल, "घेऊन तर पाहा एकदा." आणि मराठी म्हणजे तरी पुण्याचीच. वऱ्हाडी बोलणारा माणूस जाहिरातीत आला तर हसविण्यासाठीच येतो. गडी, चौकीदार किंवा भोळा पाहुणा. पऱ्हाटी विकावयाची असली म्हणजे मात्र त्यांना आमची बोली नेमकी आठवते.

ध्वनीची जाहिरात आपल्या भागात लवकर आली ही त्यातल्या त्यात अभिमानाची गोष्ट. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून. त्याआधी लोक सिलोन लावीत. १९५२ पासून अमीन सयानींची गीतमाला दंतमंजनाच्या नावानेच घरोघर जाई. माझी आई स्वयंपाक करता करता या लहान लहान गाण्यांच्या ओळी गुणगुणे. अभंग आणि साबण एकाच चालीत. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ च्या १ जानेवारीपासून आल्या. विको कंपनीच्या जाहिराती आपणा सर्वांना पाठ आहेत. तिचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर हे नागपूरहून मुंबईस गेलेले, आणि १९५२ साली परळमध्ये त्यांनी धंदा मांडला, हे वाचून मला उगीचच आपल्या घरचे कोणी असल्यासारखे वाटले.

आमच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता. समोरच्या वाड्यात जाऊन पाहत असू. त्यात ललिताजी येत. १९६९ साली करसनभाई पटेल या गुजरातेतल्या गृहस्थाने स्वस्त निरमा पावडर काढली व ती इतकी खपली की सर्फवाल्यांची झोप उडाली. तेव्हा लिंटासच्या अलेक पदमसी यांनी निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतली ही हिशेबी गृहिणी उभी केली. आपल्या आईवरून ती सुचली असे ते सांगत. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, कोणी तोंड उचलून बोलले तर उत्तर देणारी. ते काम करणाऱ्या कविता चौधरी यांनी पुढे 'उडान' ही मालिका लिहिली व केली. २०२४ साली त्या वारल्या. आमच्या आळीतल्या बायकांना ललिताजी फार आवडत, आणि घेत मात्र निरमा! पैशाचा हिशेब ललिताजींनीच शिकविला ना.

गोरेपणाच्या मलमांनी केवढ्या मुलींना रडविले, ते मी इथे लिहीत नाही. ज्या घरात सावळी मुलगी आहे त्या घराला ते ठाऊक आहे. २०२० साली त्यातल्या सर्वांत मोठ्या मलमाने आपल्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. खोट्या औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ सालापासून कायदा आहे, १९८५ साली जाहिरातवाल्यांनी स्वतःच आपल्यावर लक्ष ठेवणारी संस्था मुंबईस काढली, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याने फसव्या जाहिरातीस दंड ठेवला. तक्रार कोणालाही करता येते. आपल्या मंडळात कोणी केल्याचे मला आठवत नाही.

आता घरची एक गोष्ट सांगून संपविते. ती सांगावी की नाही याचा मी विचार केला, बाबांना विचारले. ते म्हणाले, "लिव्ह. झालं ते झालं."

मी सहावीत असेन. बियाण्याच्या एका कंपनीचा माणूस आला व सडकेवरच्या सात भिंती रंगवावयाच्या ठरल्या. कपाशीचे बोंड काढावयाचे होते. बाबांनी पहिल्या भिंतीवर शेतात असते तेवढ्या प्रमाणात काढले, तो म्हणाला, "मोठं करा." मग लिंबाएवढे झाले, मग नारळाएवढे. खाली भरघोस पिकाची खात्री लिहावयाची होती. दोऱ्याचे एक टोक माझ्याच हातात होते. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांनी तेच बियाणे कर्ज काढून आणले आणि अर्ध्या वावरात ते उगवलेच नाही. दुबार पेरणीला पैसा नव्हता. एक दिवस ते आमच्या ओसरीपुढे उभे राहिले. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "पेंटर, तूच लिवलं होतं ना खात्री म्हणून?" बाबा म्हणाले, "मी फक्त लिवलं, भाऊ." काका म्हणाले, "हाव, मी फक्त वाचलं."

त्यानंतर बाबा कितीतरी दिवस त्या भिंतीवरून जाताना मान खाली घालीत. मला वाटले होते ते चुना घेऊन ती पुसतील. त्यांनी पुसली नाही. पाच भिंतींचे पैसे यावयाचे होते, आणि ते शेवटी आलेच नाहीत. पुढच्या हंगामात दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, तेव्हा त्यांनी पुन्हा बोंड काढले. मात्र 'खात्री' हा शब्द मी लिहिणार नाही, बोंड मी शेतातल्यापेक्षा मोठे काढणार नाही, असे त्यांनी त्याला सांगितले. तो माणूस "बरं" म्हणाला आणि काम दुसऱ्या पेंटरला दिले. आईने त्या रात्री बाबांना एक शब्दही बोलून दाखविला नाही. पीठ संपले होते, ज्वारीच्या कण्या केल्या.

पुढे अमरावतीस फ्लेक्स छापण्याची यंत्रे आली आणि पाच-सहा वर्षांत सडकेवरचे काम आटले. जे भिंतीवर दोन दिवस लागत ते तासात छापून येऊ लागले, आणि वाढदिवसाच्या फलकांवर गावातला प्रत्येक मुलगा नेता झाला. बाबांनी गाड्यांच्या पाट्या रंगविल्या, शाळेच्या भिंतीवर पाढे लिहिले, मोझरीच्या वाटेवरच्या गावांतून सुविचार लिहिले. टर्पेंटाइनने हाताची कातडी गेली, आता बोटे थरथरतात. मुंबईतही असेच झाले असे वाचले. हाताने अक्षर काढणाऱ्यांच्या टेबलांवर संगणक आले, ज्यांना तो शिकता आला ते टिकले.

मंडळाच्या नव्या फलकाचा विषय बैठकीत निघाला, तेव्हा फ्लेक्स स्वस्त पडतो असे बहुमत होते आणि ते खरेही आहे. मी काही बोलले नाही. अध्यक्षबाईंनीच विचारले, "तुझ्या बाबांचा हात चालते का अजून?" पत्रा आणला, मी आणि माझ्या मुलीने दोऱ्याची दोन टोके धरली, बाबांनी अक्षरे खडूने आखून दिली आणि रंग आम्ही भरला. त्यांना एका दमात जमत नाही, म्हणून चार दिवस लागले. 'महिला'तला 'ह' किंचित खाली उतरला आहे. तो माझा आहे, त्यांचा नव्हे.

गिरणीवाल्या भाऊंच्या पाव पानात काय लिहावे हेही मी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "गिरणी कवा सुरू असते ते लिव्ह." म्हणून तेवढेच लिहिले आहे: सकाळी आठ ते बारा, दुपारी चार ते आठ, सोमवारी बंद, मिरची व हळद वेगळ्या चक्कीवर दळून मिळेल. भाऊंनी वाचून पाहिले, आणखी शंभर रुपये काढले व अर्धे पान करा म्हणाले.